नोकरीचा राजीनामा, फ्रँचायझीचा करार : जोखीम कुणाची, संपत्ती कुणाची?

नवी दिल्ली : माहिती-तंत्रज्ञान, बँकिंग, दूरसंचार अशा क्षेत्रांत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या नोकरदारांच्या बोलण्यात अलीकडे एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे फ्रँचायझी. जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे 2 टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि ही कपात प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीत होईल, हेही सांगितले. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद या शहरांत ज्या नोकरीच्या भरवशावर घरांचे हप्ते बांधून घेतले गेले, तिचाच पाया हलू शकतो, याची ती जाहीर कबुली होती. तेव्हापासून 'नोकरी किती वर्षे टिकेल' हा प्रश्न चाळिशीतील माणूस उघडपणे विचारू लागला आहे, आणि त्याला उत्तर देण्यासाठी एक संपूर्ण बाजारपेठ सज्ज आहे.

महानगरांतील फ्रँचायझी प्रदर्शनांत किंवा दलालांच्या सादरीकरणांत जे विकले जाते, ते चहा, पिझ्झा, बालवाडी किंवा केशकर्तनालय नसते. विकली जाते ती निश्चिती. नाव तयार आहे, पाककृती तयार आहे, प्रशिक्षण आम्ही देऊ, माल आम्ही पुरवू, तुम्ही फक्त गाळा आणि भांडवल आणा. दोन वर्षांत पैसे वसूल, पुढे सारी मिळकत तुमची. आयुष्यभर ठरलेल्या तारखेला पगार घेतलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटते. धंद्याची भीती वाटणाऱ्याला नोकरीसारखा दिसणारा धंदा मिळतो. पण या व्यवहाराचा करार नीट वाचला, तर त्यातील निश्चिती एकाच पक्षाच्या वाट्याला आलेली दिसते आणि तो पक्ष बहुधा राजीनामा दिलेला नोकरदार नसतो.

ही ओढ नवी नाही. उदारीकरणापूर्वीच्या मध्यमवर्गाचे स्वप्न 'एजन्सी' हे होते. गॅसची एजन्सी, पेट्रोलपंप, स्कूटरची डीलरशिप मिळाली की तीन पिढ्यांचे कल्याण झाले, अशी समजूत होती आणि टंचाईच्या काळात ती पुष्कळशी खरीही होती. त्यानंतर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि भ्रमणध्वनी स्वस्त होताच पाहता पाहता नाहीसे झाले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एनआयआयटी आणि ॲप्टेक यांनी संगणक प्रशिक्षण केंद्रे फ्रँचायझी पद्धतीने गावोगाव नेली. 1990 मध्ये सुरू झालेल्या डीटीडीसीने कुरिअरचे जाळे याच पद्धतीने विणले. 2001 मध्ये मालाडमध्ये निघालेल्या जम्बोकिंगने वडापावसारख्या रस्त्यावरच्या पदार्थालाही ब्रँडचे रूप दिले. पुण्याचा अमृततुल्य चहा तर आता दूरदूरच्या राज्यांतील पाट्यांवर दिसतो. या सगळ्यांत पैसे कमावलेले फ्रँचायझीधारक आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र टंचाईच्या काळातील एजन्सी आणि आजची फ्रँचायझी यांत एक मूलभूत भेद आहे. त्या काळी परवाने मोजके होते, म्हणून परवानाधारकाला मोल होते. आज मूळ कंपनी जितक्या शाखा विकेल तितका तिचा लाभ, आणि शेजारच्या चौकात दुसरी शाखा निघाली तर तोटा पहिल्या शाखाधारकाचा.

मुख्य प्रश्न हिशेबाचा आहे. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट ब्रँडचे नाहीत, रचना समजावी एवढ्यासाठी उदाहरणादाखल घेतले आहेत. तीस लाख रुपयांत झटपट खाद्यपदार्थांचे एक दुकान उभे राहिले असे धरू : ब्रँड शुल्क 5 लाख आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, सजावट व फर्निचर 12 लाख, यंत्रसामग्री 6 लाख, उरलेले गाळ्याची अनामत आणि खेळते भांडवल. यातील 15 लाख स्वतःचे, 15 लाख बँकेचे. महिन्याची विक्री 7 लाख झाली. कच्च्या मालावर 38 टक्के दराने 2 लाख 66 हजार गेले. गाळ्याचे भाडे 75 हजार, करासह साडेअठ्ठ्याऐंशी हजार. सहा माणसांचा पगार 1 लाख 10 हजार. वीज आणि गॅस 40 हजार. विक्रीतील 2 लाख रुपयांचा माल घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवरून गेला, त्यावर 25 टक्के दलाली व कर मिळून 59 हजार. किरकोळ खर्च 20 हजार. आणि ब्रँडची रॉयल्टी 6 टक्के, जाहिरात वर्गणी 2 टक्के, त्यावर कर, असे 66 हजार 80 रुपये.

शिल्लक राहिले 50 हजार 420 रुपये. बँकेचा 15 लाखांचा हप्ता 11 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी साधारण 32 हजार 600 रुपये येतो. हाती उरले सुमारे 17 हजार 800. स्वतःचे 15 लाख भविष्य निर्वाह निधीतच राहू दिले असते, तर 2024-25 च्या 8.25 टक्के दराने महिन्याला दहा हजारांवर व्याज काहीही न करता जमा झाले असते. म्हणजे रोज बारा तास गल्ल्यावर बसण्याची, सुटीच्या दिवशी न आलेल्या आचाऱ्याच्या जागी उभे राहण्याची आणि वीज कंपनीपासून आरोग्य निरीक्षकापर्यंत सर्वांना तोंड देण्याची निव्वळ मजुरी साडेसात हजार रुपये.

याच हिशेबात विक्री केवळ 10 टक्क्यांनी घटली, तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. भाडे, पगार, वीज यांतील काही कमी होत नाही. कच्चा माल, रॉयल्टी आणि ॲपची दलाली यांत मिळून सुमारे 39 हजार वाचतात. विक्री मात्र 70 हजारांनी उतरलेली असते. शिल्लक 50 हजारांवरून साडेएकोणीस हजारांवर येते आणि बँकेचा हप्ताही त्यातून निघत नाही. ब्रँडच्या खात्यावर करासह जाणारी रक्कम मात्र 66 हजारांवरून फक्त साडेएकोणसाठ हजारांवर येते. पाऊस लांबला, समोर मेट्रोचे खोदकाम सुरू झाले, शाळांच्या परीक्षा लागल्या, एवढ्यानेही दहा टक्के विक्री कमी होऊ शकते. रॉयल्टी विक्रीवर आकारली जाते, नफ्यावर नव्हे, हे वाक्य करारातील बाकी चाळीस पानांहून महत्त्वाचे आहे. कच्चा माल मूळ कंपनीकडूनच घेण्याचे बंधन असेल, तर त्या 38 टक्क्यांतही तिची कमाई दडलेली असते, ती वेगळीच.

करप्रणालीतील एक गोष्ट उपाहारगृहाची फ्रँचायझी घेणाऱ्यांच्या लक्षात बहुधा उशिरा येते. नोव्हेंबर 2017 पासून उपाहारगृहांच्या सेवेवर 5 टक्के कर आहे, पण त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे ब्रँड शुल्क, रॉयल्टी, भाडे यांवरील 18 टक्के कर हा थेट खर्चच ठरतो. वरच्या उदाहरणात ब्रँड शुल्कावरील 90 हजार रुपये पहिल्याच दिवशी बुडीत खाती जातात. प्रदर्शनातील रंगीत पत्रकावर शुल्काशेजारी बारीक अक्षरांत छापलेल्या 'कर वेगळा' या दोन शब्दांचा अर्थ हा आहे.

'कर्ज फिटले की पन्नास हजार स्वतःचेच', असा युक्तिवाद यावर केला जातो. तो निराधार नाही. पण करार बहुधा पाच वर्षांचा असतो, कर्जही तेवढ्याच मुदतीचे, आणि कर्ज फिटते त्याच सुमारास नूतनीकरण शुल्क आणि नव्या रूपाची सजावट यांची मागणी समोर येते. दुकान विकून मोकळे व्हावे म्हटले तर विकण्याजोगे आपले असे थोडेच असते. नाव कंपनीचे, गाळा मालकाचा. तळणयंत्र आणि खुर्च्या मात्र आपल्या. हस्तांतराला मूळ कंपनीची लेखी संमती लागते. संपत्ती उभी करणे म्हणजे पुढे विकता येईल किंवा मुलांच्या नावे करता येईल असे काही निर्माण करणे, हा अर्थ घेतला तर एका शाखेचा धारक पाच वर्षांच्या शेवटी पुष्कळदा एका महागड्या नोकरीतून बाहेर पडलेला असतो.

मग फ्रँचायझीतून मोठी संपत्ती कुणी उभी केली? उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. डॉमिनोजचे भारतातील हक्क असलेली ज्युबिलंट फूडवर्क्स 2010 मध्ये शेअर बाजारात आली. केएफसी आणि पिझ्झा हट चालवणाऱ्या देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स या दोन्ही कंपन्या 2021 मध्ये बाजारात नोंदल्या गेल्या. मॅकडोनाल्ड्सची पश्चिम आणि दक्षिण भारतातील दुकाने वेस्टलाइफ समूहाकडे आहेत. हे सारे फ्रँचायझीधारकच आहेत, पण त्यांनी एक दुकान घेतले नाही, प्रदेश घेतला. शेकडो दुकानांच्या खरेदीचे, भाड्याच्या वाटाघाटीचे आणि भांडवल बाजाराचे बळ त्यांच्यामागे आहे. 2001 मध्ये भारतात आलेल्या सबवेने पुष्कळ वर्षे छोट्या छोट्या धारकांच्या आधारे विस्तार केला. पण 2021 च्या अखेरीस तिनेही एव्हरस्टोन समूहाशी संबंधित एकाच कंपनीशी देशव्यापी करार करून दहा वर्षांत दोन हजार दुकानांचे उद्दिष्ट जाहीर केले. ज्या जागतिक नावांच्या यशोगाथा सांगून नोकरदाराला फ्रँचायझीकडे वळवले जाते, त्यांची दारे बहुतांशी त्याच्यासाठी उघडी नाहीत. त्याला देऊ केल्या जातात त्या दोन-तीन वर्षांपूर्वी जन्मलेल्या, स्वतःच्या मालकीची मोजकीच दुकाने असलेल्या आणि शाखा विकण्यातून मिळणाऱ्या शुल्कावरच वाढणाऱ्या साखळ्या.

प्रदेश हाती असलेल्यांनाही अभय नसते, याचा धडा राजधानीतच मिळाला. विक्रम बक्षी यांनी 1995 मध्ये मॅकडोनाल्ड्सबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी दिल्लीच्या वसंत विहारमध्ये देशातील पहिले दुकान सुरू झाले. 2013 मध्ये त्यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर करण्यात आले. प्रकरण कंपनी न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, लंडनमधील लवाद असे फिरत राहिले. जुलै 2017 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने बक्षी यांना पदावर पुन्हा बसवले आणि ऑगस्टमध्ये कंपनीने उत्तर व पूर्व भारतातील 169 दुकानांचे परवाना करार रद्द केल्याची नोटीस दिली. तडजोड व्हायला मे 2019 उजाडला. नामवंत वकिलांची फौज उभी करू शकणाऱ्या भागीदाराला सहा वर्षे लागली. इंदूर, बेळगाव किंवा नांदेडच्या एका शाखाधारकाने मूळ कंपनीच्या शहरात, तिने निवडलेल्या ठिकाणी लवादाला किती हेलपाटे घालावेत? एकतर्फी लवाद नेमण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये आळा घातला, हा दिलासा आहे. अंतर आणि खर्च मात्र कायम आहेत.

कायद्याच्या बाबतीत भारताची स्थिती विचित्र आहे. देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. 1872 चा करार कायदा, 1999 चा व्यापारचिन्ह कायदा, 2002 चा स्पर्धा कायदा अशा निरनिराळ्या कायद्यांच्या तुकड्यांवर हा व्यवहार उभा आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार करारावर सही होण्याच्या किमान 14 दिवस आधी 23 मुद्द्यांचे माहितीपत्र द्यावे लागते. त्यात कंपनीवरील खटले, किती शाखा बंद पडल्या याची संख्या आणि साखळी सोडून गेलेल्या धारकांचे संपर्क यांचाही समावेश असतो. चीनमध्ये स्वतःची किमान दोन दुकाने वर्षाहून अधिक काळ चालवल्याशिवाय शाखा विकता येत नाहीत. युनिद्रुवा या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2002 मध्ये अशा माहितीपत्रासाठी आदर्श कायद्याचा मसुदाही तयार केला आणि भारत त्या संस्थेचा सदस्य आहे. आपल्याकडे उलट करार कायद्याच्या कलम 17 चे स्पष्टीकरण सांगते की बोलण्याचे कर्तव्य नसेल, तर केवळ मौन पाळणे ही फसवणूक ठरत नाही. शेजारच्या तालुक्यातील चार शाखा गेल्या वर्षी बंद पडल्या, हे विक्रेत्याने आपणहून सांगितले नाही, तर त्याला जबाबदार धरणे अवघड आहे. घरोघरी वस्तू विकणाऱ्या साखळी विक्री कंपन्यांसाठी केंद्राने 2021 मध्ये नियम केले. आयुष्याची पुंजी घेणाऱ्या फ्रँचायझी व्यवहारासाठी मात्र तसे काही नाही.

ग्राहक आयोगाचा दरवाजाही अर्धाच उघडा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक मानला जात नाही. केवळ उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. तीस लाख गुंतवून सहा माणसे कामाला ठेवणारा या सूटीत बसतो का, यावर वाद घालण्यातच वर्षे जातात. कराराच्या मुदतीत त्याच प्रकारचा दुसरा व्यवसाय न करण्याचे बंधन 'गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला' या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले आहे. मुदत संपल्यानंतरही धंदाबंदी लादणारी कलमे करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाहीत. तरी ती कित्येक करारांत असतातच आणि न वाचता सही करणारे त्यांना घाबरून असतात.

याहून घातक प्रकार म्हणजे 'पैसे तुमचे, दुकान आम्ही चालवू' ही योजना. गुंतवणूकदाराने केवळ रक्कम द्यायची आणि दरमहा दोन-तीन टक्के ठरलेला परतावा घ्यायचा. नोकरी न सोडताही 'मालक' होता येते, म्हणून तिचे आकर्षण मोठे. दुकानाचा नफा ठरलेला नसताना परतावा ठरलेला कसा, हा साधा प्रश्न इथे विचारायला हवा. 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कक्षेत अशा काही योजना येऊ शकतात. महाराष्ट्राने याच वर्षी कडकनाथ कोंबडीपालनाचे प्रकरण पाहिले. पिल्ले आम्ही देऊ, अंडी व कोंबड्या आम्हीच घेऊ, या हमीवर शेतकऱ्यांनी पैसे भरले आणि अखेर पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. माल वेगळा असला, तरी हमीची रचना तीच होती. त्याच्याही खालची पायरी निव्वळ तोतयेगिरीची. अमूलच्या नावाने फ्रँचायझी देण्याची बतावणी करणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाला 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले होते.

खरे अमूल दालन मात्र या चर्चेत उपयोगी तुलना आहे. महासंघ रॉयल्टी घेत नाही. दालनधारकाची कमाई विक्रीवरील मर्यादित दलालीतून होते, पिशवीच्या दुधावर ती अगदी कमी आणि आइस्क्रीमवर बरी. अशा धंद्यातून करोडपती होता येत नाही, पण गाळा स्वतःचा असेल, घरातील दोन माणसे गल्ल्यावर बसणार असतील आणि वस्ती दाट असेल, तर घर चालते. फ्रँचायझी जिथे टिकलेली दिसते, तिथे बहुधा भाड्याचे ओझे नसणे आणि मालक स्वतः दुकानात असणे या दोन गोष्टी आढळतात. व्यवस्थापक नेमून दूरवरून मासिक अहवाल पाहण्याची कॉर्पोरेट सवय एका दुकानाला परवडत नाही, दहा दुकानांना कदाचित परवडेल.

राजीनाम्याच्या वेळी भांडवल कुठून येते, याचाही विचार हवा. सरकारने जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात मुद्रा कर्जाची कमाल मर्यादा 10 वरून 20 लाख केली, ती आधी घेतलेले 'तरुण' गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी. पहिल्यांदा व्यवसायात उतरणाऱ्याला ती लागू नाही. त्यामुळे बरेच जण भविष्य निर्वाह निधीकडे वळतात. निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये सदस्याची किमान 25 टक्के शिल्लक खात्यात राखण्याचा आणि नोकरी गेल्यानंतर पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने करण्याचा निर्णय घेतला. त्यावर टीका झाली. घाईने गुंतवणूक करू पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती एक चतुर्थांश रक्कम, दुकान चाललेच नाही तर, घरात राहिलेली एकमेव शिदोरी ठरू शकते.

अमेरिकेतील खरेदीदाराला कायदा 14 दिवस देतो. भारतातील माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्याला कायदा काही देत नसला, तरी त्याच्या नियुक्तीपत्रात बहुधा 90 दिवसांचा नोटीस कालावधी असतो, आणि राजीनामा देण्याआधीचे महिने तर त्याचे स्वतःचेच. एवढ्या अवधीत बरेच काही तपासता येते. मूळ कंपनी नोंदणीकृत असेल तर तिचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्कात मिळतात. तिचे उत्पन्न माल विकून येते की शाखा विकून, हे त्यांतून पुष्कळसे उमगते. व्यापारचिन्ह प्रत्यक्ष नोंदले गेले आहे की नुसता अर्ज झाला आहे, हे सरकारी नोंदवहीत विनामूल्य पाहता येते. कंपनीने दिलेल्या यादीतील आनंदी शाखाधारकांऐवजी जुन्या पत्त्यांवर जाऊन बंद पडलेली दुकाने शोधावीत आणि शेजारच्या किराणावाल्याला ती केव्हा व का बंद झाली हे विचारावे. आणि चालू असलेल्या एखाद्या शाखेसमोर मंगळवारी दुपारी व शनिवारी संध्याकाळी दोन-दोन तास उभे राहून किती गिऱ्हाइके आत गेली आणि किती पिशव्या घेऊन बाहेर पडली, याची नोंद एका वहीत करावी.